आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या मावशी-मामांची कामावरची सुरक्षा: मराठवाड्यातल्या वृद्धाश्रमांसाठी आणि घरसेवेसाठी

वृद्धाश्रमातल्या किंवा घरी चोवीस तास राहणाऱ्या मावशींना विचारा, “कामावर कधी काही इजा झाली का?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “नाही बा, काही नाही.” मग वेगळं विचारा. कंबर धरते का? इन्सुलिनची सुई कधी टोचली का? आजोबांनी कधी ओरबाडलं, चावा घेतला? न्हाणीत पाय घसरला? आता प्रत्येक प्रश्नाला होकार येतो. दुखणं सेवेचाच भाग आहे असं धरून चालल्यामुळे ते कुणी इजेत मोजत नाही. जे मोजलं जात नाही ते व्यवस्थापकाच्या कानावर जात नाही आणि सुधारतही नाही. जागरूकतेची सुरुवात इथून करावी लागते.

हा लेख संभाजीनगरपासून धाराशिव-नांदेडपर्यंतच्या वृद्धाश्रमांचे चालक, घरोघरी सांभाळणारी माणसं पाठवणारे ब्यूरोवाले, पाळीच्या सिस्टर, मावशी-मामा आणि घरी माणूस ठेवणारी कुटुंबं यांच्यासाठी आहे. परदेशी पुस्तकांत दिलेले बटणावर वर-खाली होणारे पलंग आणि छताला टांगलेली यंत्रं इथे क्वचितच असतात. इथे असते लोखंडी कॉट, शहाबादी फरशी, आठवड्यातून एकदा येणारं पाणी आणि मे महिन्यातली पत्र्याची खोली. त्यामुळे उपायही त्याच सामानातून शोधले आहेत.

आधी एक फेरी, तीही योग्य वेळी

धोके शोधायला दुपारी तीन वाजता फेरी मारून काही दिसणार नाही, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात. फेरी मारावी ती सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. लघवी-संडास, आंघोळ, अंथरूण बदलणं आणि नाश्ता हे सगळं तेव्हाच एकत्र चालू असतं आणि माणसं कमी असतात. दुसरी फेरी रात्री पाळी बदलताना मारा. सोबत रोज प्रत्यक्ष काम करणारी एक मावशी असलीच पाहिजे. तिला एवढंच विचारा: “सगळ्यात अवघड उचलणं कोणाचं? सगळ्यात जास्त घसरतं कुठे? एकटीला कशाची भीती वाटते?” जे ऐकू येईल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिने दाखवलेल्या गोष्टींपैकी निदान एक आठवडाभरात दुरुस्त झाली पाहिजे, मग तो न्हाणीतला फुटलेला बल्ब का असेना. तसं झालं नाही तर पुढच्या फेरीला ती काहीच सांगणार नाही.

उचलणं: सगळ्यात जास्त इजा इथेच

कंबरेत उसण एका दिवसात भरल्यासारखी वाटते, पण त्यामागे महिनोन् महिने वाकून केलेलं काम असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणजे एका माणसामागे दिवसाला बारा वेळा वाकणं. खाट गुडघ्याइतकी बुटकी असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण कंबर मोडते. त्यात वजनाचा अंदाज नेहमी चुकतो. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय साधारण दहा किलोचा असतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामावरच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली आहे, आणि तीही रुग्ण शांत असेल, सहकार्य करत असेल आणि जागा मोकळी असेल तेव्हाची. याचा सरळ अर्थ असा की प्रौढ माणसाला एकट्याने अलगद उचलण्याची सुरक्षित पद्धत नाहीच. ‘ताकदवान मामा’ ही सोय नव्हे. त्याची कंबर फक्त दोन वर्षं उशिरा जाते.

पहिलं काम खाटेच्या उंचीचं. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खाट मावशीच्या कमरेखाली, उभं राहिल्यावर मनगट येतं त्या उंचीवर हवी. बहुतेक स्त्रियांसाठी ही उंची ७० ते ७५ सेंटीमीटर भरते. सुताराकडून भरीव लाकडाचे चार ठोकळे करून घ्या आणि प्रत्येकात खाटेचा पाय बसेल असा निदान पाच सेंटीमीटर खोल खड्डा पाडून घ्या. विटा लावू नका, त्या सरकतात आणि फुटतात. पण जे आजोबा स्वतः उठून बसतात त्यांची खाट मुळीच उंचवू नका. त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास. मावशीच्या कमरेसाठी उंच केलेल्या खाटेवरून आजोबा पडले तर दोघांचंही नुकसान. जमिनीवर गादी टाकून ठेवलेल्या माणसाचं सगळं काम वाकून किंवा उकिडवं बसून करावं लागतं. घरच्यांशी बोलून खाट आणवून घ्या, ही अट ब्यूरोने माणूस पाठवण्याआधीच घालावी.

कूस बदलायची तर माणूस नेहमी स्वतःकडे वळवा, पलीकडे ढकलू नका. आजींचं तोंड वळायच्या दिशेला करा, पलीकडचा हात छातीवर घ्या आणि पलीकडचा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवा. मग तुमचा एक हात त्यांच्या खांद्यामागे आणि दुसरा कुल्ल्यामागे. पायात फूटभर अंतर ठेवून एक पाय पुढे, एक मागे. “आजी, आता तुम्हाला माझ्याकडं वळवते, एक, दोन, तीन,” म्हणत स्वतःचं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर घ्या. हात फक्त धरण्यापुरते असतात, ओढतं ते शरीराचं वजन. मोठ्याने मोजणं सोडू नका. अचानक हलवलं की म्हातारं माणूस घाबरून अंग ताठ करतं आणि तेवढ्यानेच मावशीच्या पाठीला झटका बसतो.

खाली घसरलेल्या माणसाला उशीकडे वर घ्यायचं तर काखेत हात घालून ओढणं बंद करा. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो आणि आजींची कातडी गादीवर घासून सोलवटते. त्याऐवजी बुळबुळीत कापड वापरा. जुनी नायलॉनची साडी दुहेरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. दोन थर एकमेकांवर सरकले पाहिजेत, म्हणून सुती साडी चालत नाही. गादीचं डोकं सपाट करा, उशी काढून खाटेच्या लोखंडी डोक्याशी उभी लावा, आजींचे गुडघे दुमडा. दोन बाजूंना दोघी जणी उभ्या राहून वरचा थर अंगाच्या अगदी जवळ धरतात आणि तिसऱ्या अंकाला दोघी मिळून सरकवतात. काम झालं की साडी काढून घ्या. अंगाखाली राहिली तर माणूस बसताक्षणी पुन्हा घसरतं, किंवा खाटेवरून खालीच येतं.

खाटेवरून चाकाच्या खुर्चीत नेताना आधी एक साधी परीक्षा घ्या. खाटेच्या कडेला बसलेले असताना आजोबांना एकेक गुडघा सरळ करायला सांगा. मग हाताने दाबून ढुंगण क्षणभर उचलायला सांगा. दोन्ही जमत नसेल तर त्यांना उभं करू नका, दोन माणसं आणि सरकायची फळी लागेल. जमत असेल तर खुर्ची त्यांच्या बळकट बाजूला, खाटेशी ३० ते ४५ अंशांत लावा, दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. ब्रेक लागला की नाही हे खुर्ची हलवून पाहा. जुन्या खुर्च्यांचा ब्रेक दिसतो लागलेला, पण टायर झिजल्याने पकडत नाही. आजोबांच्या कमरेला रुंद पट्टा बांधा आणि पकड त्या पट्ट्याला ठेवा. तुमचा गुडघा त्यांच्या कमजोर गुडघ्यासमोर आधाराला. त्यांना पाऊलं थोडी मागे घेऊन नाक पावलांच्या पुढे येईपर्यंत झुकायला सांगा. झुकल्याशिवाय उठताच येत नाही आणि मग सगळं वजन मावशीवर येतं. त्यांचे हात तुमच्या गळ्यात कधीही पडू देऊ नका. पाय गेला की ते मानेला लोंबकळतात आणि मानेच्या इजेला पुढे फार काळ भोगावं लागतं.

माणूस पडतच असेल तर झेलू नका, हे वाचायला निष्ठुर वाटतं. पण पन्नास-साठ किलोचं पडतं वजन झेलताना दोघंही पडतात. त्यांच्या मागे या, पट्टा किंवा कंबर धरा, एक पाय पुढे करून त्यांना तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर सरकू द्या आणि डोकं सांभाळा. मग लगेच उठवू नका. शुद्ध आहे का, डोक्याला मार आहे का, एक पाय आखूड दिसतो किंवा बाहेर वळलाय का, ते पाहा. पाय तसा दिसला तर मांडीचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, १०८ ला फोन करा. सगळं ठीक असेल आणि माणूस स्वतः मदत करत असेल तर त्यांना कुशीवर, मग रांगत्या स्थितीत आणा. समोर मजबूत खुर्ची ठेवा, तिच्यावर हात टेकवून बळकट पाय पुढे घ्यायला लावा आणि दुसरी खुर्ची मागून सरकवा. मावशीने यात फक्त सांगायचं आणि खुर्च्या धरायच्या, उचलायचं नाही.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पुठ्ठा लावा: “दोन माणसं”, “पट्टा”, “डावी बाजू कमजोर”, “ऐकू कमी येतं”. सगळ्यांनाच वाचता येत नाही, म्हणून शब्दाशेजारी चित्र काढा. रात्री अचानक आलेल्या बदली मावशीला हा पुठ्ठाच वाचवतो.

न्हाणी आणि गरम पाणी

ओली शहाबादी फरशी, त्यावर साबण आणि कोपऱ्यात साठवणीच्या पिंपातून सांडणारं पाणी. इथे आजोबांइतकीच मावशीही पडते. पिंप आणि बादल्या न्हाणीच्या दाराच्या वाटेत नकोत. फरशीवर शेवाळ धरली असेल तर घासून काढा आणि खडबडीत रबरी चटई टाका. चटईखाली बुळा धरतो, म्हणून ती रोज उचलून उभी वाळवा. पायात मागून पट्टा असलेली रबरी चप्पल हवी. अनवाणी नको, सपाट स्लीपरही नको. आंघोळ स्टूलवर बसवून, भिंतीला पक्का दांडा बसवून घाला. टॉवेल अडकवायचा दांडा आधाराला धरला की तो भिंतीतून निघतो.

बादलीत हीटर रॉड टाकत असाल तर क्रम पाठच असू द्या: रॉड पाण्यात, मग बटण. पाणी तापल्यावर बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्यात हात. बटण चालू असताना पाणी किती तापलं हे बोटाने पाहणं जिवावर बेतलेलं आहे. गॅस गिझर बंद न्हाणीत असेल तर खिडकी किंवा झरोका उघडा पाहिजे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर येऊन माणूस आतच पडतो.

पाणी कमी आहे म्हणून हात धुणं कमी नको

टँकरवर दिवस काढणाऱ्या संस्थेत काटकसर सगळ्यात आधी हात धुण्यावर येते. खरं तर हात धुवायला पाणी फार लागत नाही, वाहतं पाणी लागतं. बादलीत हात बुडवले की पहिलीचे जंतू दुसरीला मिळतात. वीस लिटरच्या डब्याला तळाशी तोटी बसवून तो स्टुलावर ठेवा, खाली बादली. तोटी बारीक सोडून हात ओले करा, तोटी बंद करून साबण चोळा, मग धुवा. पूर्ण हात धुणं ४० ते ६० सेकंदांचं काम आहे: तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. खालच्या बादलीतलं पाणी संडासात ओतायला वापरता येतं.

हात दिसायला स्वच्छ असतील तर किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळून चालतो. जुलाब लागलेल्या माणसाचं आवरल्यावर मात्र साबण-पाणीच, कारण जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोल चालत नाही. हातमोजे काढल्यावरही हात धुवायचे. मोज्यांना न दिसणारी भोकं असतात आणि काढताना बाहेरचा भाग हाताला लागतोच. काचेच्या बांगड्यांचा विषय नाजूक आहे. सक्ती न करता सांगावं की काम करताना बांगडी फुटली तर दोघींनाही लागतं, आणि हात कोपरापर्यंत धुता येत नाहीत. पाळीपुरत्या धातूच्या एकेक बांगडीवर बहुतेक जणी तयार होतात. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, पदर खोचलेला आणि ओढणी मागे पिन केलेली असावी. गोंधळलेल्या माणसाने गळ्यातलं धरून ओढणं ही नेहमीची गोष्ट आहे.

सुई, रक्त आणि कचरा

सुई टोचण्याचे बरेच प्रकार झाकण परत लावताना घडतात. नियम एकच: वापरलेल्या सुईला झाकण परत लावायचं नाही. ती थेट जाड प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या, झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा इंजेक्शन देताना हाताच्या अंतरावर ठेवा. पाऊण भरला की बंद करा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबताना दुसरी सुई वर येऊन टोचते. इन्सुलिन घरचेच देत असतील तरी सुई डस्टबिनमध्ये नको, कारण पिशवी बांधणारा हात मावशीचाच असतो. इन्सुलिन पेनची सुई काढायलाच हवी असेल तर बाहेरचं मोठं झाकण टेबलावर ठेवून एका हाताने त्यात सुई सरकवा, मग फिरवून काढा.

टोचलीच तर:

१. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा डेटॉल जखमेत ओतू नका. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्याने खूप वेळ धुवा.
२. पाळीच्या सिस्टरला आणि व्यवस्थापकाला लगेच सांगा. वेळ लिहून ठेवा.
३. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) केंद्रात किंवा अपघात विभागात जा. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या शक्यतो २ तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात.
४. ज्यांची सुई होती त्यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा आणि स्वतःची पहिली रक्ततपासणी त्याच वेळी करून घ्या.

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं किंवा तुमचं जिल्हा रुग्णालय, यांपैकी तुम्हाला जवळचं कोणतं आणि रात्री तिथे कोणत्या दाराने जायचं हे आजच ठरवून भिंतीवर लिहा. रात्री दोनला सुई टोचल्यावर शोधाशोध करण्यात ते दोन तास संपतात. सुईतून सगळ्यात सहज लागतो तो हिपॅटायटिस बी, आणि त्यावर लस आहे. तीन मात्रा घ्यायच्या: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासा, १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आली की पुरे. नव्या माणसाला रुजू करतानाच पहिली मात्रा द्या, खर्च संस्थेचा.

रक्त सांडलं तर मोजे घालून आधी जुन्या कापडाने किंवा कागदाने टिपा, मग त्या जागी १ टक्का हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचं द्रावण) ओतून किमान १० मिनिटं ठेवा, सांडलेलं जास्त असेल तर अर्धा तास. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १०० मिलिलिटर द्रावणात ४०० मिलिलिटर पाणी. १० टक्के असेल तर १०० ला ९००. हे रोज ताजं करा, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेलं द्रावण चार दिवसांत नुसतं वासाचं पाणी होतं.

लघवीच्या थारोळ्यावर मात्र ब्लीच थेट ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्यातून डोळे आणि छाती जाळणारा वायू निघतो. आधी लघवी पुसा, पाण्याने धुवा, मग ब्लीच. त्याहून वाईट म्हणजे ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करणं. त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद संडासात माणूस कोसळतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरू नका.

संस्थेतला वैद्यकीय कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वेगळा करावा लागतो: रक्ता-पुवाने माखलेल्या पट्ट्या आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. नळ्या, कॅथेटर, मोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल रंगात. सुया, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्यात.

औषधांबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. प्रोस्टेटसाठी आजोबांना देतात त्या फिनास्टेराइडच्या फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला आणि ड्युटास्टेराइडच्या गळणाऱ्या कॅप्सूलला गरोदर मावशीने हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळीही तिने हाताळू नये. इतरांनीही ती मोजे घालूनच द्यावी. गरोदर असल्याचं कुणी लवकर सांगत नाही, काम जाईल ही धास्ती असते. म्हणून हा नियम सगळ्याच जणींना सांगून ठेवा.

खरूज आणि खोकला

वृद्धाश्रमात खरूज शिरली की महिनोन् महिने फिरते, कारण उपचार एकेकाचा होतो. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे जातात, तोवर तो इतरांना देऊन मोकळा. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या खोलीतले सगळे आणि त्यांना सांभाळणारे सगळे एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेचक्यांतही लावतात, ८ ते १४ तास ठेवून धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता न येणारं सामान प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, त्यामुळे मलम वारंवार लावत बसू नका. मावशीच्या घरच्यांनाही मलम द्या, नाहीतर ती घरून परत घेऊन येईल.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, रहिवाशाला असो वा मावशीला, थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तोवर खोकणाऱ्याला मास्क, खिडक्या उघड्या आणि सांभाळणाऱ्याला एन-९५.

उन्हाळा, कूलर, ऑक्सिजन

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याखाली आंघोळी घालणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाला तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, घाम खूप येत असेल तर मधून ओआरएस. मावश्या पाणी पीत नाहीत याचं खरं कारण बऱ्याचदा त्यांना वापरता येईल असा स्वच्छ संडास नसणं हे असतं, आणि मग लघवीची जळजळ सुरू होते. कडी लागणारा वेगळा संडास दिला की पाण्याचा माठ आपोआप रिकामा व्हायला लागतो. आंघोळी सकाळी नऊच्या आत उरका, जड काम दुपारी बारा ते चार बंद. उन्हाळ्यात नवी आलेली किंवा सुट्टीवरून परतलेली मावशी पहिला आठवडा हलक्या कामावर ठेवा. कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, चालताना झोकांड्या खाल्ल्या तर उष्माघात समजा: सावलीत आणून अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत थंड कापड ठेवा आणि १०८ ला बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

लोखंडी कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात बळी घेतो. पाणी भरण्याआधी बटण बंद आणि प्लग बाहेर, दोन्ही. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, वीज तुटली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. कुणी कूलरला चिकटलं तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी काही नको. दहा फुटांच्या आत ज्योत नको. देव्हारा खोलीतच असेल तर तो हलवायला घरच्यांची समजूत घालावी लागते, आणि ती माणूस पाठवण्याआधी घालावी. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, रेग्युलेटरला तेल-ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका. वीज गेल्यावर मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा.

मारणं, ओरबाडणं आणि त्याहून वाईट

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा मारतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी दुखतं असतं: लघवी तुंबणं, संडास न होणं, लघवीचा संसर्ग, दात, किंवा मागून अचानक लागलेला गार हात. समोरून या, त्यांच्या नजरेच्या उंचीवर या, नाव घेऊन बोला, एका हाताचं अंतर ठेवा आणि दाराकडची वाट स्वतःच्या मागे मोकळी ठेवा. वाद घालू नका. “घरी जायचंय” म्हटलं तर “बरं, आधी चहा घेऊ” म्हणा. मनगट धरलं तर सरळ ओढू नका. त्यांच्या अंगठ्याच्या दिशेने मनगट फिरवून काढा, पकड तिथेच ढिली असते. तापलेलेच असतील तर आंघोळ राहू द्या, अर्ध्या तासाने बघा. चावा रक्त निघेपर्यंत लागला असेल तर साबणाने धुवून डॉक्टरांकडे जा.

आजार नसलेल्या माणसाने किंवा घरातल्या नातेवाइकाने अंगचटीला येणं ही वेगळी गोष्ट आहे. ती ‘म्हातारे आहेत, चालायचंच’ मध्ये बसत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. दहापेक्षा कमी असतील किंवा कुणाच्या घरात काम असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. ब्यूरोने दुसऱ्याच दिवशी त्या मावशीला दुसरीकडे काम द्यावं, बिनपगारी घरी बसवू नये. तसं बसवलं की बाकीच्या सगळ्या गप्प बसतात.

माहिती माणसांपर्यंत पोचवायची कशी

तीन तासांचं भाषण, प्रमाणपत्र आणि फोटो यातून काही बदलत नाही. पाळी बदलताना आठवड्यातून एकदा, पगारी वेळेतली पंधरा मिनिटं पुरतात. एका बैठकीत एकच गोष्ट आणि तीही करून दाखवायची: आज साडीने सरकवणं, पुढच्या वेळी ब्लीचचं माप. मावशीला स्वतः खाटेवर झोपवा आणि दुसरीला तिला काखेत धरून ओढू द्या, मग साडीने सरकवू द्या. फरक तिच्या अंगाला कळतो. शेवटी प्रत्येकीने करून दाखवलं तरच झालं म्हणा, मान डोलावली म्हणजे कळलं असं नसतं. नव्या माणसाने पहिले तीन दिवस एकट्याने कुणालाही उचलायचं नाही.

सोबत एक दोनशे पानी वही. रकाने सहा: तारीख, वेळ, काम कोणतं चाललं होतं, काय झालं, कशामुळे, काय बदललं. ‘थोडक्यात वाचलो’ असे प्रसंगही त्यात हवेत: घसरली पण पडली नाही, सुई हातमोज्याला लागून गेली. लिहिता येत नसेल तर मावशीने सांगावं, सिस्टरने लिहावं. वहीवरून कुणाचा पगार कापला किंवा कुणाला बोलणी बसली तर त्या दिवसापासून वही कोरी राहते, हे चालकाने पक्कं लक्षात ठेवावं. महिन्याअखेरी सगळ्यांसमोर वही वाचा आणि ‘काय बदललं’ हा रकाना रिकामा असेल तिथे नाव आणि तारीख टाका.

घरी पाठवल्या जाणाऱ्या माणसासाठी ब्यूरोने करारातच लिहून घ्यायच्या गोष्टी: आजी-आजोबांचं अंदाजे वजन, ते उभे राहतात का, खाटेची उंची, रात्री किती वेळा उठावं लागतं, अंगात कोणता संसर्गजन्य आजार आहे का, सुयांचा डबा कोण देणार, झोपायची जागा कुठे आणि सलग किती तास झोप मिळणार. रात्रभर चार-चार वेळा उठावं लागत असेल तर ते एका माणसाचं काम नाही, तिथे दोन पाळ्या लागतात. रात्रपाळी करून दुचाकीवर चाळीस किलोमीटर गावी जाणाऱ्या मामाला निघण्याआधी वीस मिनिटं डोळा लागू द्या. ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर कार्ड मावशीच्या हातात असू द्या. नसेल आणि वय १६ ते ५९ मध्ये असेल तर असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्या.

आणि फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात: रुग्णवाहिका १०८, पोलीस आणि कोणतीही तातडी ११२, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मन थकलं तर बोलायला टेलीमानस १४४१६. त्याखाली जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता आणि रात्री गाडी देणाऱ्या माणसाचा नंबर. दर तीन महिन्यांनी हे सगळे नंबर एकदा लावून बघा. गाडीवाल्याचा नंबर बदललेला असतो.